ऑरेगॉन-कॅलिफोर्निया वाटेवरच्या रोजनिश्या: मैलांचे आकडे जुळत का नाहीत?

पानगळ:
मिसूरी नदीच्या काठावरून बैलगाड्यांनी ऑरेगॉनला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेल्या लोकांच्या रोजनिश्या आणि पत्रं यांवरून एक तक्ता करायला घेतला आहे. काळ साधारण १८४३ ते १८६०. रकाने साधेच आहेत: तारीख, मुक्काम, त्या दिवशी कापलेले मैल, पाणी, चारा, सरपण.

गाडं अडतंय ते मैलांपाशी. एकाच वर्षी, एकाच ओळखीच्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत गेलेल्या दोन माणसांची बेरीज काढली की वीस-पंचवीस मैलांचा फरक सहज पडतो. सरासरी काढून मोकळं व्हावं, तर तेही पटत नाही.

दुसरा प्रश्न: रोजनिशी एक सांगते आणि घरी लिहिलेलं पत्र दुसरंच सांगतं, तेव्हा कोणाचं धरायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मैलकुली:
बहुतेक आकडे नजरेने बांधलेले अंदाज आहेत आणि अंदाज नेहमी जास्तीकडे झुकतो. थकलेल्या माणसाला वाट लांब वाटते.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा विल्यम क्लेटनच्या रोजनिशीत आहे. १८४७ साली मॉर्मन पंथीयांचा पहिला तांडा सॉल्ट लेककडे निघाला, त्यात तो होता. रोजच्या मैलांवरून होणारे वाद ऐकून त्याने एका गाडीच्या चाकाचा घेर मोजला. तो भरला १४ फूट ८ इंच. मैलाच्या ५२८० फुटांना याने भागलं की बरोबर ३६० फेरे येतात. ८ मे रोजी त्याने दिवसभर फेरे मोजले. भरले ४०७०, म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर २० फेरे. त्याच दिवसाचा इतरांचा अंदाज होता १३ ते १४ मैल. म्हणजे अंदाज १५ ते २४ टक्के फुगलेला!

लाकूडकाम:
मैलकुली, त्यानंतर त्यांनी बनवलेल्या मैल मोजायच्या यंत्राबद्दलही लिहायला हवं. ऑर्सन प्रॅटने आराखडा दिला आणि ॲपलटन हार्मन या सुताराने ते लाकडात घडवलं.

रचना अशी. सुमारे १८ इंचांचा एक दांडा गाडीच्या आसाजवळ ४५ अंशांत तिरपा बसवलेला. त्याच्या खालच्या टोकाशी सहा हात. चाकाच्या तुंब्यावर (मधल्या गड्ड्यावर) एकच दात. चाकाचा एक फेरा झाला की तो दात एक हात पुढे ढकलतो, म्हणजे सहा फेऱ्यांना दांडा एकदा फिरतो. दांड्याच्या वरच्या टोकाला आटे पाडलेले आणि त्यांत अडकणारं ६० दातांचं चक्र. सहा साठे तीनशे साठ, म्हणजे या चक्राचा एक फेरा झाला की एक मैल. याच चक्राच्या कण्यावर चार दात, ते ४० दातांच्या दुसऱ्या चक्राला फिरवतात. ते दहा मैलांत एकदा फिरतं आणि त्याचा एकेक दात पाव मैलाचा. वाचायला घड्याळापेक्षा सोपं.

यंत्र चुकायचं कुठे, तर उतारावर. तीव्र उतारावर ब्रेक म्हणून मागचं चाक साखळीने बांधून गाडी घसरवत न्यायचे. बांधलेलं चाक फिरत नाही आणि तेवढं अंतर मोजलंच जात नाही. म्हणून अशा दिवशी मोजणीचं चाक कोणतं आणि बांधलेलं कोणतं, हे पाहावं लागतं.

सांजवात:
अप्रतिम माहिती. वाचनखूण साठवली.

टाकदौत:
पानगळ, तक्ता करताना एक सापळा टाळा. सॉल्ट लेकपर्यंतचं अंतर १०३१ मैल धरून क्लेटनने १८४८ साली प्रवाशांसाठी एक छोटी मार्गदर्शिका छापली. त्यात ओढे, चढ, मुक्कामाच्या जागा आणि त्यांच्यातली अंतरं दिलेली आहेत. पुढे अनेकांच्या गाडीत ती असायची आणि रात्री लिहिताना मंडळी त्यातलेच आकडे उतरवायची. म्हणून १८५० नंतरच्या एखाद्या रोजनिशीत 'पावणेसात मैल', 'सव्वातीन मैल' असे नेटके आकडे ओळीने दिसले, तर तो स्वतंत्र साक्षीदार समजू नका. अशा पाच रोजनिश्या जुळल्या तरी साक्ष एकाचीच.

लष्करी सर्वेक्षक फ्रेमाँटच्या मोहिमेवरून चार्ल्स प्रॉइसने काढलेला सात तुकड्यांचा नकाशा १८४६ चा. त्यातही मैल आहेत आणि सरपण, चारा, पाणी यांच्या टिपा आहेत. त्याचीही उसनवारी तपासा.

आखरी:
दुसरं कारण साधं आहे. मुक्काम रस्त्यावर नसायचा. पुढच्या तांड्यांनी रस्त्याकडेचा चारा खाऊन टाकलेला, मग गवतासाठी मैल-दोन मैल आत जायचं आणि सकाळी तेवढंच परत यायचं. काही जण ते मैल धरतात, काही धरत नाहीत. शिवाय प्लॅट नदीच्या उत्तर काठाची वाट वेगळी आणि दक्षिण काठाची वेगळी. कोणत्या काठाने गेले हे ठरवल्याशिवाय तुलनाच करू नये.

वेगाची चाळणी लावून बघा. जड गाडीला जुंपलेला बैल तासाला दोन मैलांच्या आसपास चालतो. दुपारची विश्रांती वगळून सहा-सात तास चाल धरली तर १२ ते १५ मैल होतात. बैलांच्या तांड्याने रोज २५ मैल कापल्याचं कोणी आठवडाभर लिहीत असेल तर शंका घ्या. पाणी नसलेल्या पट्ट्यात रात्रीही चालून एखाद्या दिवशी तसं व्हायचं, पण त्याची किंमत पुढचे दोन दिवस बैल वसूल करायचे.

गाडीवाट:
वजनाचा हिशेबही बघायला हवा, कारण वेग त्यावर ठरतो. लॅन्सफर्ड हेस्टिंग्जच्या १८४५ च्या मार्गदर्शिकेत माणशी सामान असं आहे: पीठ २०० पौंड, खारवलेलं डुकराचं मांस १५०, कॉफी १०, साखर २०, मीठ १०. बेरीज ३९० पौंड, म्हणजे जवळपास १७७ किलो. चार मोठी माणसं धरली तर नुसती शिदोरीच १५६० पौंड. गाडीचा सोसवेल असा भार २००० ते २५०० पौंड. उरलेल्यात अंथरूण, तंबू, भांडी, हत्यारं, दारूगोळा, सुटे भाग. यात शिसवी कपाट कुठे बसणार? फोर्ट लॅरामीच्या आसपास टाकून दिलेल्या लोखंडी शेगड्या, पेट्या आणि मांसाचे ढीग यांची वर्णनं १८४९ च्या रोजनिश्यांत भरपूर आहेत, त्याचं कारण हे गणित.

रँडॉल्फ मार्सी हा लष्करी कप्तान. त्याने १८५९ साली ११० दिवसांसाठी माणशी पीठ १५०, मांस २५, कॉफी १५, साखर २५ पौंड सांगितली आहे. मांस इतकं कमी कसं? कारण जिवंत गुरं बरोबर हाकत न्यायची, म्हणजे मांस स्वतःच्या पायांनी चालतं.

चूलबोळकी:
मार्सीच्या बांधाबांधीच्या सूचना मोलाच्या आहेत. मांसाच्या पेटीत भोवती कोंडा भरायचा म्हणजे उन्हाने चरबी वितळून वाहून जात नाही. पीठ दुहेरी जाड कापडाच्या १०० पौंडी पोत्यांत. साखर रबरी पिशवीत, कारण नदी ओलांडताना सगळ्यात आधी जाते ती साखर. आणि लोणी? ते उकळायचं, वर येणारा फेस काढत राहायचं, तेलासारखं नितळ झालं की पत्र्याच्या डब्यात भरून डाग देऊन बंद करायचं.

सांजवात:
अहो, हे तर साजूक तूप!

चूलबोळकी:
तेच ते. :) ताज्या लोण्याची सोयही होती. सकाळचं दूध भांड्यात भरून गाडीला टांगायचं, दिवसभराच्या हिसक्यांनी संध्याकाळी लोणी तयार. हे बऱ्याच रोजनिश्यांत येतं.

उलट घेवडा शिजत नसल्याची तक्रार दिसली तर उंची बघा. साउथ पास ही रॉकी पर्वतातली खिंड ७४०० फुटांवर आहे. तिथे पाणी ९२-९३ अंश सेल्सियसलाच उकळतं, त्यामुळे दाणे टणक राहतात. मुक्कामाची जागा अंदाजे ठरवायला असली तक्रारसुद्धा कामी येते.

लाकूडकाम:
गाडीवाट यांनी सुट्या भागांचा उल्लेख केला म्हणून चाकाविषयी सांगतो, कारण 'आज चाल नाही' असे कोरे दिवस बरेचदा चाकामुळे पडतात.

ही गाडी मिसूरीच्या दमट हवेत बनलेली. प्लॅटच्या वरच्या अंगाला हवा कोरडी. लाकूड सुकून आकसतं. पुठ्ठे (घेराचे लाकडी तुकडे) लहान होतात, आरे तुंब्यात खुळखुळतात आणि लोखंडी धाव (घेरावरची पट्टी) सैल पडते. दुर्लक्ष केलं तर वळणावर धाव निसटते आणि चाक जागच्या जागी मोडून पडतं. तात्पुरता इलाज म्हणजे चाकं काढून रात्रभर ओढ्यात बुडवून ठेवायची किंवा धाव आणि पुठ्ठे यांच्यामध्ये लाकडी पाचरी ठोकायच्या. भिजवलेलं चाक दोन दिवसांत पुन्हा सुकतं, म्हणून हा इलाज फार पुरत नाही. पक्का इलाज लोहाराचा: धाव कापून थोडी लहान करायची, जोडायची, लालबुंद तापवून चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. थंड होताना ती आकसते आणि सगळं चाक आवळून धरते. याला भट्टी, ऐरण आणि दिवसभराचं सरपण लागतं. जिथे झाडच नाही तिथे गव्यांच्या वाळक्या शेणावर स्वयंपाक कसाबसा होतो, धाव तापवायला ते पुरं पडत नाही.

मार्सी चाकांसाठी ओसेज ऑरेंजचं लाकूड सुचवतो, कारण ते कमी आकसतं. वंगण म्हणून पाइनचं डांबर आणि चरबी यांचं मिश्रण. त्याची बादली गाडीच्या मागे लटकलेली असायची.

वैद्यकी:
कोऱ्या दिवसांचं दुसरं मोठं कारण आजार. १८४९ ते १८५२ ही पटकीची वर्षं. प्लॅटच्या काठी वाळूत उथळ खड्डे खणून त्यांत झिरपलेलं पाणी प्यायचे. नदीच्या गढूळ पाण्यापेक्षा ते नितळ दिसायचं. पण त्याच तळावर रोज नवा तांडा उतरणार, शौचाला त्याच आसपास जाणार, आणि खड्डा त्यांच्या मैल्याच्या वाटेत. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री पुरलेला, अशा नोंदी म्हणून येतात. फोर्ट लॅरामीच्या पुढे प्रकोप बराच ओसरतो.

थडग्यांच्या मोजणीबद्दल: काही जण रोज दिसलेली थडगी मोजून लिहितात. ती संख्या कमीत कमी धरा. लांडग्यांनी उकरू नये म्हणून अनेकांना वाटेतच पुरून वरून गाड्या नेत असत. तिथे खूणच राहत नाही.

रानजाई:
बायकांच्या रोजनिश्यांत न लिहिलेलंही वाचावं लागतं. अमेलिया स्ट्युअर्ट नाइट ९ एप्रिल १८५३ रोजी आयोवातून नवरा आणि सात मुलांसह निघाली. रोजनिशीत पाऊस, चिखल, मेलेले बैल, आजारी पोरं, सगळं आहे. ८ ऑगस्टला लूसी नावाची मुलगी मागेच राहून गेली. काही मैल पुढे जाऊन गुरांना विसावा द्यायला थांबेपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि तेवढ्यात मागच्या तांड्याने तिला आणून पोचवलं. पण अमेलिया स्वतः त्या सगळ्या प्रवासात गरोदर होती हे वाचकाला कळतं ते अगदी शेवटी, सप्टेंबरात आठवं मूल जन्मल्यावर. मध्ये अधूनमधून 'बरं नाही' एवढंच.

मग एखाद्या तांड्याचा वेग का मंदावला, एखादी बाई आज गाडीतून का उतरली नाही, याची कारणं रोजनिशी सांगेलच असं धरता येत नाही. तक्त्यात 'कारण दिलेलं नाही' असा रकाना ठेवा आणि तो रिकामा राहू द्या.

टपालपेटी:
आता पत्रांकडे. १ जुलै १८४५ पासून अमेरिकेत टपाल वजनावर आलं. अर्ध्या औंसाला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १० सेंट. त्याआधी कागदाच्या पानांवर आणि अंतरावर आकार असे, म्हणून एकाच पानावर आडवं लिहून मग त्यावरच उभं लिहायची सवय. ती पुढेही टिकली. पॅसिफिक किनाऱ्याचा दर ४० सेंट होता, तो १८५१ साली आगाऊ भरल्यास ६ सेंटांवर आला. १८४९-५० चं कॅलिफोर्नियाचं पत्र दाट का लिहिलंय ते यावरून कळेल.

वाटेवर टपाल नव्हतंच म्हटलं तरी चालेल. फोर्ट कर्नी, फोर्ट लॅरामी, नाहीतर पूर्वेकडे परतणारा कोणी अनोळखी इसम. त्यामुळे पत्र लिहिल्याची तारीख आणि हातातून गेल्याची तारीख यांत आठवडे जातात, आणि माणूस मध्ये मध्ये भर घालत राहतो. एका पत्रात शाई किंवा अक्षर बदललं तर ते दोन दिवसांचं लेखन समजा.

जुनाबाड:
माझं मत पत्राच्या विरोधात आहे. पत्र वाचणारी आई किंवा बायको असते, लिहिणारा तिला घाबरवणार नाही. टॅम्सन डोनरचं १६ जून १८४६ चं प्लॅटकाठचं पत्र बघा. याहून वाईट काही अनुभवावं लागलं नाही तर खरा त्रास फक्त निघण्यातच असं म्हणावं लागेल, असं ती लिहिते. त्याच हिवाळ्यात तो तांडा सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला आणि ८७ पैकी निम्म्याच्या आसपास माणसं गेली. तीही त्यांत होती.

टपालपेटी:
जुनाबाड, पण त्या पत्रात खोटं काय आहे? जूनमध्ये प्लॅटवर चारा होता, माणसं निरोगी होती, हे खरंच आहे. आपल्याला पुढचं माहीत असल्यामुळे ते भाबडं वाटतं.

त्याच तांड्यातल्या १३ वर्षांच्या व्हर्जिनिया रीडने १६ मे १८४७ रोजी चुलतबहिणीला लिहिलेलं पत्र किती थेट आहे! आडवाटेच्या नादी लागू नका आणि होईल तितक्या लवकर पुढे निघा, हा तिचा सल्ला अक्षरशः व्यवहाराचा आहे. हेस्टिंग्जने सुचवलेल्या आडवाटेने त्यांचे आठवडे खाल्ले होते. भानगड ही की डिसेंबर १८४७ मध्ये ते पत्र स्प्रिंगफिल्डच्या वर्तमानपत्रात छापताना संपादकाने पुष्कळ साफसूफ केली. तेव्हा प्रश्न 'पत्र की रोजनिशी' यापेक्षा 'हस्ताक्षर की छापील' असा विचारावा.

टाकदौत:
सहमत. पॅट्रिक ब्रीनच्या रोजनिशीचंही तेच. आठ कागद दुमडून केलेली ३२ पानांची वही, २० नोव्हेंबर १८४६ ते १ मार्च १८४७. बहुतेक नोंदी वारा कुठून, बर्फ किती, लाकूड आणायला ताकद आहे का, इतक्याच. कॅलिफोर्नियाच्या वर्तमानपत्राने १८४७ सालीच ती छापली, तीही बदलून. मूळ वही बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे.

आपल्याकडे गोडसे भटजींचं असंच झालं. प्रवास १८५७ चा, लेखन पंचवीसेक वर्षांनी आठवणीतून, आणि १९०७ ला छापताना चिं. वि. वैद्यांनी मजकुरात हात घातला. मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहिल्याशिवाय तारखांवर इमला उभारता येत नाही.

आखरी:
+१. आणि आठवणी रोजनिशीच्या वेषात फिरतात. त्या ओळखायच्या दोन कसोट्या.

पहिली, वार आणि तारीख. शंभर वर्षांच्या पंचांगाशी ताडा. नाइटबाईंचा ९ एप्रिल १८५३ खरोखर शनिवार होता आणि त्यांनी शनिवारच लिहिलाय. मध्येच एक दिवस सरकला आणि पुढे तसाच चालू राहिला, तर ती खऱ्या रोजनिशीतली खरी चूक. सगळंच गुळगुळीत असेल तर सावध.

दुसरी, नावं. १८४६ च्या म्हणवणाऱ्या नोंदीत आयडाहो, वायोमिंग ही प्रदेशांची नावं आली तर ती नंतरची भर आहे. आयडाहो प्रदेश १८६३ चा, वायोमिंग १८६८ चा. प्लॅटवरचं फोर्ट कर्नी १८४८ आधी नव्हतं.

रानजाई:
आठवणींत मूळ रहिवाशांचे हल्लेही वाढत जातात. जॉन अनरू या इतिहासकाराने १८४० ते १८६० चा हिशेब मांडलाय: त्यांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२, प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी ४२६. त्या वीस वर्षांत तीन लाखांच्या आसपास लोक गेले. पटकी आणि नदीत बुडणं याने कितीतरी जास्त गेले. त्या-त्या रात्रीच्या नोंदींत व्यवहार जास्त दिसतो: स्नेक नदीवर शर्ट किंवा गळ देऊन सामन मासे घेतले, मोबदला देऊन नदी ओलांडून घेतली. गाड्यांचं रिंगणही मुख्यतः गुरं आत राहावीत म्हणून. आणि चारा संपला, गवे हटले, याचा फटका तिथल्या लोकांना बसला, तो या वह्यांत क्वचितच उमटतो.

पानगळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्याने अपेक्षेपेक्षा बरंच जास्त दिलं. आता तक्ता असा बदलतोय: लेखकाचे मैल जसेच्या तसे, शेजारी 'मोजलेले / अंदाज / उसने', नदीचा काठ, मुक्काम रस्त्यापासून किती आत, वार जुळतो का, आणि पाहिलेली प्रत हस्ताक्षरातली की छापील. चिमनी रॉक, फोर्ट लॅरामी, इंडिपेंडन्स रॉक, साउथ पास या पक्क्या खुणा धरून दोन खुणांमधलं अंतर लेखकाच्या बेरजेशी ताडणार, म्हणजे प्रत्येकाचा फुगवटा वेगळा निघेल.

एक शंका उरली. साउथ पासपर्यंत ठीक जुळणारे दोन लेखक पुढे एकदम फाटतात. एकाच्या वहीत फोर्ट ब्रिजर येतच नाही.

मैलकुली:
तो सब्लेट कटऑफ या जवळच्या आडवाटेने गेला असणार. साउथ पास ओलांडल्यावर वाटा फुटतात. डावी फोर्ट ब्रिजरला, पाणी आणि चारा असलेली पण लांबची. उजवी सरळ पश्चिमेला ग्रीन नदीकडे, त्यात ४०-५० मैल पाण्याचा थेंब नाही. पिंपं भरून, दुपारी उशिरा निघून, रात्रभर चालायचे. त्याच्या वहीत त्या सुमारास रात्रीची चाल किंवा दोन तारखांची एकच नोंद असेल तर नक्की समजा. फुगवट्याचं गुणोत्तर मात्र साउथ पासपाशी थांबवा आणि पुढच्या वाटेचं नव्याने काढा. रात्रीच्या चालीचे अंदाज दिवसापेक्षा जास्त चुकतात, ते त्यात मिसळू नका.